दवाच्या दिवसांची वही

सासरी आले त्या वर्षी नवरात्र सरता सरता मला एक दुखणं लागलं. त्याला काय म्हणतात ते तेव्हा कुणाला सांगता आलं नाही, आणि आज इतक्या वर्षांनीही मला ठाऊक नाही. दुपारची भाकरी पोटात गेली की तासाभरात घर फिरू लागे. तोंडाला पाणी सुटे, कपाळाला थंड घाम येई, छाती धडधडे, आणि मग परसात जाऊन ओकारी. रात्री पडून राहावं आणि सकाळी उठावं तर जणू काही झालंच नव्हतं अशी मी ठणठणीत.

माझं माहेर बेळगुंदीचं, भाताच्या मुलखातलं. सासर निपाणीपासून दीड कोसावर. तिथं जिकडं बघावं तिकडं तंबाखू. रानात तंबाखू, खळ्यात तंबाखू, घरात माळ्यावर तंबाखू. दसऱ्याच्या सुमारास झाडांचे फुटवे खुडायचं काम सुरू होई. फुटवे वेळेवर काढले नाहीत तर पानाला जोर येत नाही, म्हणून घरच्या सगळ्या बायका भल्या पहाटे रानात जात. ओल्या पानांतून चालताना लुगडं कमरेपर्यंत भिजे, आणि चिकानं हात काळे होत ते राखेनं घासले तरी निघत नसत.

घरात सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू. थोरली जाऊ, तिला मी आक्का म्हणे. दीर, सासरे आणि हे. मी कुणाशीच फार बोलत नसे. लहानपणापासून माझा आवाजच निघत नाही. शाळेत मास्तरांनी उभं केलं की मला उत्तर येई पण सांगता येत नसे, आणि पाटीवर मात्र ते बरोबर लिहिलेलं असे. त्यामुळे चौथीपर्यंत पास झाले.

पहिल्यांदा ओकारी झाली तेव्हा आक्का पदर तोंडाला लावून हसली. "आत्याबाई, पाळणा काढून ठेवा माळ्यावरनं!"

मला चिंचा आल्या, आवळे आले. आत्याबाईंनी आठ दिवस मला पाण्याची घागर उचलू दिली नाही. मग मी महिन्याप्रमाणं बाहेर बसले, आणि घागर परत कमरेवर आली.

त्यानंतर दोष भाकरीचा ठरला. "भातखाऊची जात ती," आत्याबाई म्हणाल्या, "जोंधळा पचवाय पोट लागतं." मग माझ्यापुरता भात शिजू लागला. भात खाऊनही मी ओकलेच. आक्काला माझी दया आली. तिनं आपली मिश्रीची डबी पुढं केली. भाजून पूड केलेली तंबाखू, त्या घरातल्या सगळ्या बायका उठल्या उठल्या ती दाताला लावीत. माझ्या वडिलांना, आप्पांना, मिश्री आवडत नसे, म्हणून मी कधी लावली नव्हती.

"लाव गं, मळमळ कुठल्या कुठं जातीया," आक्का म्हणाली.

मी लावली. थुंकायला उठले ती उंबऱ्यावरच पडले. तेच गरगरणं, तोच घाम, फक्त दुपारपर्यंत वाट न बघता तिथल्या तिथं. आक्का घाबरली. आत्याबाई मात्र रागावल्या. "मिश्रीनं कुणी पडतंय व्हय? नाटकी हाय ही."

दिवाळसणाला आप्पा मला घेऊन गेले. बेळगुंदीला मी पंधरा दिवस राहिले आणि एकदाही ओकले नाही. परत आले, दुसऱ्या दिवशी दुपारी परसात. आता आत्याबाईंची खात्री पटली. माहेरी बरी आणि सासरी आजारी, म्हणजे पोरीला नांदायचं नाही. नाहीतर आतून काही रोग आहे आणि बापानं तो लपवून मुलगी गळ्यात बांधली. दोन्हींतलं एक. रांजणापाशी त्या सासऱ्यांना सांगत होत्या ते मी ऐकलं. "संक्रांतीपतूर बघायचं. न्हाय बरी झाली तर वाण देऊन बापाच्या दारात सोडायची, आन पोराचं दुसरं बघायचं."

माझं काय होईल याची भीती होतीच. पण आप्पांनी रोग लपवला असं गावात झालं असतं, ते मला सोसवत नव्हतं. आप्पा अक्षरशत्रू होते. मला शाळेत घातली म्हणून भावकीनं त्यांना "पोरीला मामलेदार करतोस काय" म्हणून हिणवलं होतं. आयुष्यात त्यांनी कुणाला आंबट दहीसुद्धा गोड म्हणून दिलं नाही.

मार्गशीर्षात ह्यांनी बैलगाडी जुंपली आणि मला नि आत्याबाईंना निपाणीच्या पेठेत डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर धारवाडकडचे, मराठी पुस्तकातल्यासारखं बोलत. त्यांनी डोळे बघितले, जीभ बघितली, नळी लावून छाती ऐकली. मग मला विचारलं, "हा त्रास केव्हा होतो?"

मी पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले. आत्याबाई म्हणाल्या, "कवा बी होतोय."

"रोज?"

"रोज. रातध्याड."

ते खरं नव्हतं. बाहेर बसायचे चार दिवस मी बरी असे. आणखीही काही दिवस बरी असे. पण माझा आवाज निघाला नाही. डॉक्टरांनी दंडातून रक्त काढून काचेच्या नळीत भरलं. ते बेळगावला जाईल, उत्तर यायला तीन-चार आठवडे लागतील, म्हणाले. क्षय नसावा, पण खात्री देता येत नाही. क्षय हा शब्द ऐकल्यावर आत्याबाई गाडीत माझ्यापासून हातभर सरकून बसल्या.

घरी माझा तांब्या वेगळा झाला.

त्या तीन-चार आठवड्यांत मी काय करणार? डॉक्टरांनी विचारलं होतं, केव्हा होतो. उत्तर मला द्यायचं होतं. माझ्या पेटीत चौथीतली कित्त्याची वही होती, मागची पानं कोरी. आमचे मास्तर रोज सकाळी फळ्यावर हवा लिहून घेत. आज ऊन. आज ढग. आज पाऊस. मी तसंच लिहायला लागले. रोज एक ओळ. आधीचे दिवस आठवतील तसे लिहिले, पुढचे रोजच्या रोज.

एकदा आक्कानं बघितलं. "काय गं, माहेरला कागूद लिवतीस?" मी मान हलवली. "मग काय, नवऱ्याला?" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत ती पाणी आणायला गेली. आत्याबाईंनाही कळलं. "लिव बाई, लिव. कचेरीच भरवलीस आमच्या सोप्यात," एवढंच म्हणाल्या.

रोजच्या दहा-बारा ओळी झाल्या तेव्हा मला काही दिसलं नाही. वीस-पंचवीस झाल्यावर मी एकदा सगळ्या सलग वाचल्या आणि माझ्या अंगावर काटा आला. *दव. रानात. ओकले.* *दव. रानात. ओकले.* *बाहेर बसले. बरी.* *रात्री ढग होते. दव नाही. रानात. बरी.* *दव होतं. घरी जात्यावर. बरी.* *मिश्री लावली. तेच, पण लगेच.* माहेरच्या पंधरा दिवसांसमोर ओळीनं *बरी, बरी, बरी.* त्रास दुपारी घरात होई म्हणून सगळ्यांनी ताट तपासलं होतं. सकाळचं रान कुणी तपासलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

पण मग आक्काला का होत नाही? आत्याबाई तर माझ्या दुप्पट ओळी खुडत. ही गाठ दोन दिवस सुटेना. तिसऱ्या दिवशी पहाटे चुलीपाशी सगळ्या दात घासत बसल्या होत्या, काळ्या बोटांच्या, आणि मी तेवढी राखुंडी घेऊन. मी आत जाऊन वहीत लिहिलं, *या घरात मिश्री न लावणारी मी एकटी.*

संक्रांतीला बारा दिवस राहिले असताना रक्ताचं उत्तर आलं म्हणून निरोप मिळाला. आम्ही परत गेलो. डॉक्टर म्हणाले, "रक्तात काही दोष नाही. छातीही स्वच्छ आहे. मला कारण सापडत नाही. मोठ्या इस्पितळात दाखवून बघावं."

"आमी कुठं आनि कुठं दाखवायचं?" आत्याबाई म्हणाल्या. "हिचा बाप बघंल काय ते. आमी सोडतोय तिला माहेरी."

हे दाराशी उभे होते. त्यांची मान खाली गेली. मी पदराखालची वही काढली आणि टेबलावर ठेवली.

त्यांनी वही उघडली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, चष्मा पुसून परत पहिल्यावर गेले. "हे कोणी लिहिलं?"

"असंल कुण्या मास्तरानं दिलं," आत्याबाई म्हणाल्या.

"मी," मी म्हटलं.

आत्याबाईंनी वळून बघितलं. परक्या पुरुषासमोर मी बोलले होते, आणि तेही त्यांचं बोलणं खोडून. डॉक्टर वाचतच होते. मिश्रीच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, शेवटच्या ओळीवर ठेवलं. मग म्हणाले, "बाई, मी हे कोणत्याही पुस्तकात वाचलेलं नाही. खरं असेल असं छातीठोक सांगत नाही. पण तंबाखू तोंडातून गेली की जे होतं, तेच ओल्या पाल्यानं होतंय. पाण्यातून अंगात उतरत असेल. तुम्हाला मिश्रीची सवय आहे, तिला नाही. दहा दिवस तिला ओल्या पाल्याला हात लावू देऊ नका. आणि हिला लिहू द्या." माझ्या वहीतल्या दोन पानांची त्यांनी आपल्या कागदावर नक्कल करून घेतली. शिकलेल्या माणसानं माझं अक्षर बघून उतरवून घेतलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

गाडीत हे बैलांशी बोलावं तसं पुढं बघून म्हणाले, "अक्षर चांगलं हाय तुझं." लग्नानंतर सहा महिन्यांत मला उद्देशून ते पहिल्यांदा इतकं बोलले.

दहा दिवस मी ऊन चढल्यावर रानात गेले. दहा दिवस *बरी.* पण आत्याबाईंना ते पटलं नाही. "आराम मिळाला म्हनून बरी. उद्या परत सुरू हुईल. दवानं मानूस आजारी पडाय लागलं तर निपाणीत कोन जित्तं ऱ्हाईल?" आप्पांना निरोप गेलाच होता. संक्रांत झाली, करीचा दिवस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आले. सोप्यात घोंगडीच्या कडेला बसले. पाणी घेतलं, गूळ घेतला नाही. "माझ्या पोरीला काय बी रोग नव्हता, विहीणबाई," ते एवढंच म्हणाले. माझी पेटी दाराशी आणून ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले. आभाळ स्वच्छ होतं, अंगणातला दगड ओला होता. मी दिव्यापाशी बसून वहीत लिहिलं, *आज दव. रानात जाते. दुपारी ओकारी होईल.* वही उघडी ठेवून वर पोळपाट ठेवला आणि आक्काबरोबर रानात गेले. तीन ओळी फुटवे खुडले. रोज टाळायची ती ओली पानं मी मुद्दाम हातांना चोळली. आक्का म्हणाली, "येड लागलं काय गं तुला?"

परत आल्यावर मी ती ओळ सगळ्यांसमोर वाचली. आवाज बारीक होता, पण वाचली. मग जेवणं झाली. मी भिंतीला टेकून बसले. आप्पा समोर, आत्याबाई समोर, आक्का दारात. कुणी उठेना. बराच वेळ काहीच होईना. आज नेमकी बरी राहिले तर काय? आत्याबाईंनी सुस्कारा टाकून सुपारी कातरायला घेतली.

आणि घर फिरू लागलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी परसाकडं पळाले, आणि ओकताना माझ्या मनात इतका आनंद होता की मला हसू येत होतं. इतक्या दिमाखानं कुणी ओकलं नसेल. कपाळावर हात आला. खरखरीत, चिकानं काळा. आत्याबाईंचा.

"मला वाटलं नाटक हाय," त्या म्हणाल्या. "नाटक आसतं तर पोटातलं आसं घड्याळ लावून कसं आलं आसतं?" मग तोंड वळवून आत ओरडल्या, "पेटी आत घ्या ती! दारात कशाला ठेवलीया, पाय अडकंल कुनाचा तरी."

आप्पा त्याच संध्याकाळी एकटे परतले. जाताना त्यांनी गूळ घेतला. वही हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि आत्याबाईंना म्हणाले, "मामलेदार न्हाय झाली, पण बरं लिवतीया न्हवं?"

"लई बरं लिवतीया," आत्याबाई म्हणाल्या.

त्यानंतर माझ्या वाट्याला ओला पाला आला नाही. कधी पहाटे जावंच लागलं तर हातांना तेल आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या, त्या आत्याबाई स्वतः बांधत. पुढं भाताच्या मुलखातली कुणी नवी सून गावात आली आणि ओकू लागली की आत्याबाई काठी टेकत तिच्या दारात जात आणि वकिलासारखं विचारीत, "दवात गेलतीस काय? मिश्री लावतीस काय? मग चिचा कसल्या आनताय, पोरीला उनात धाडा." आणि जाता जाता सांगत, हे आमच्या सुनेनं काढलंय, लिवून.

ती वही अजून माझ्या पेटीत आहे. आप्पा एकटे परतले त्या रात्री मी दिवसाची ओळ पुरी केली. *दुपारी ओकले. राहिले.*