राणीच्या पाठीवरचे बारा रविवार

चंपाषष्ठीनंतरचा पहिला रविवार, सकाळचे साडेसात. रक्कम सहा हजार रुपये, बारा रविवारांची फी, आगाऊ. हजर: मी, माझी पत्नी, आमची नऊ वर्षांची रेवा, घोडेस्वारी शिकवणाऱ्या मॅडम आणि राणी नावाची तपकिरी घोडी. एवढं माझ्या वहीत आहे. जे वहीत नाही, त्याची खंत आज लिहितो आहे.

रेवाचे पाय जन्मापासून आखडलेले. बसवली की एका बाजूला कलते, मान फार वेळ धरवत नाही. ग्वाल्हेरात, मोरारच्या बाजूला एका मैदानात अशा मुलांना घोड्यावर बसवून व्यायाम देतात असं कळलं, तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. पण घोडा म्हटल्यावर मन हललं. आमचं कुलदैवत खंडोबा. पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून ग्वाल्हेरला आले. घराण्यातले घोडे केव्हाच गेले, देव्हाऱ्यातला घोड्यावरचा देव राहिला. त्याला भंडारा वाहून मी नवस बोललो: बारा रविवारांत रेवा आधाराशिवाय पाच पावलं चालली, तर चांदीचा घोडा वाहीन.

मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं, "चालेल असं मी म्हणत नाही. घोडी चालते तेव्हा मुलाच्या कमरेला चालण्याची हालचाल मिळते. बैठक सुधारेल, तीही हळूहळू." मी मान डोलावली आणि वहीत तीन रकाने आखले: तारीख, मिनिटं, पावलं. बैठकीचा रकाना मला सुचलाच नाही. बारा रविवार संपले. पावलांच्या रकान्यात बारा शून्यं होती. देवाने उत्तर दिलं असं मी धरलं आणि तेराव्या रविवारी रेवाला नेलं नाही. ती दाराकडे बोट दाखवून "राणी, राणी" म्हणत राहिली. पत्नी चिडून म्हणाली, "अहो, देवालाही किस्ती बांधून दिल्यात का? बारावी चुकली की खातं बंद?" मला राग आला. मी तिचं ऐकलं नाही. पाच-सहा रविवारांनंतर रेवाने बोट दाखवणं सोडलं. ती समजली, असं मला वाटलं.

ज्येष्ठातली गोष्ट. दुपारी कंपू भागातल्या दवाखान्यात रेवाच्या पायाच्या पट्ट्यांचं माप द्यायचं होतं. बाहेर झाडाखाली तिला मांडीवर घेऊन बसलो होतो. ती नेहमीसारखी माझ्या दंडावर कललेली. तेवढ्यात समोरून एक म्हातारा लग्नाची पांढरी घोडी लगामाने चालवत घेऊन आला आणि सावली बघून थांबला. घोडीच्या कपाळावर हळद होती. रेवाने माझा दंड सोडला. पाठ सरळ केली, मान वर घेतली आणि दोन्ही मुठी पोटासमोर धरल्या, लगाम धरावा तशा. किती वेळ, ते मी मोजलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मोजलं नाही.

म्हातारा तिच्याकडे बघत म्हणाला, "बाबूजी, बिटिया तो घुड़सवार है। पीठ देखो।"

मी म्हटलं, "बारह बार बैठी थी।"

"फिर उतार काहे दिया?"

त्याने रेवाचा हात धरून घोडीच्या मानेवर ठेवला. मी पैसे पुढे केले तर हसला. "रहने दो। सवारी थोड़े ही की है। कभी पड़ाव आओ तो पीछे गली में घोड़ी वाले को पूछ लेना।" आणि तो निघून गेला. ती हळद लग्नाची होती, हे मला कळतं. तरीही त्या दुपारी माझे हात आपोआप जोडले गेले.

घरी येऊन देव्हाऱ्यापुढे बसलो. म्हटलं, देवा, अट माझी होती, मी मागे घेतो. तू देत होतास आणि मी भलत्याच रकान्यात शोधत होतो.

पुढच्या रविवारी मैदानावर गेलो. राणी वैशाखात पोटदुखीने गेली होती. मॅडमनी सांगितलं तेव्हा रेवा माझ्या कडेवरच होती. ती रडली नाही, फक्त तबेल्याकडे बघत राहिली. नव्या घोड्यावर बसायला तिने चार रविवार घेतले. मधल्या सोळा रविवारांत तिची कंबर पुन्हा आखडली. त्यातलं किती परत येईल, हे डॉक्टर सांगत नाहीत. मीही आता विचारत नाही. न्यायचं माझ्याकडे, बाकीचं खंडोबाकडे. हे मला आधी कळायला हवं होतं. राणी असताना कळायला हवं होतं.

श्रावणात रेवाला घेऊन पडाव भागात गेलो. म्हातारा सापडला. घोडी तीन पायांवर भार देऊन उभी होती, शेजारी नालबंद बसला होता. मी पुन्हा खिशात हात घातला. म्हातारा म्हणाला, "हमको नहीं। देना ही है तो इसको दे दो, नाल घिस गई है।" चार नाल, आठशे रुपये. नालबंदाला रोख दिले.