ओटीतले गहू

घाणेरीवर पीएच.डी. करणाऱ्या सुनेचं घरात फारसं कौतुक होत नाही. नाशिकच्या टेकड्यांवर ती काटेरी झुडपं मोजत आणि उपटत मी तीन वर्षं काढली. नातेवाइकांना ‘सून गवत काढते’ एवढंच कळलं. मग विद्यापीठानं आम्हा काही जणांना हिंदी महासागरातल्या एका राखीव बेटावर न्यायचं ठरवलं, आणि गवताला एकदम प्रतिष्ठा आली. बाहेरून आलेल्या झाडांनी मूळचं जंगल कसं गिळलं, ते तिथे बघायचं होतं. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच अडलं होतं.

माझ्या मार्गदर्शक सरांनी महिनाभर एकच जप लावला होता: बुटाला चिकटून एक बी गेलं तरी बेटाची वाट लागते. मी गमबूट टूथब्रशनं घासले.

निघायच्या आदल्या दिवशी सासूबाई नांदगावहून गहू, नारळ घेऊन आल्या. ओटी भरल्याशिवाय सून समुद्रापार जाते म्हणजे काय? मी त्यांना बियाण्याच्या बंदीवर छोटंसं व्याख्यान दिलं.

“बरं बाई,” त्या म्हणाल्या.

सासूबाई इतक्या सहज ऐकतात तेव्हा घाबरायचं असतं. बॅग जरा जड लागली, तो दोष मी पुस्तकांवर ढकलला.

बेटाच्या नावेत बसण्याच्या आदल्या संध्याकाळी किनाऱ्यावरच्या एका बंद खोलीत सामान तपासतात. तपासणीच्या बाईंनी माझा गमबूट उलटा केला. आतून पडलेल्या ब्लाउजपीसची गाठ सुटली आणि पांढऱ्या फरशीवर नांदगावचे गहू पसरले. मागोमाग खारीक, सुपारी, हळकुंड. दुसऱ्या बुटातून नारळ निघाला आणि गडगडत थेट सरांच्या पायाशी गेला. सरांनी मला ओळख दाखवली नाही.

भावी शास्त्रज्ञ रांगत गहू वेचत असताना बाईंनी शांतपणे सांगितलं, की मी किनाऱ्यावरच थांबायचं.

“सासूनं दिलंय,” मी म्हटलं. “मी सुखरूप परत यावं म्हणून.” इंग्रजीत ते फारच बावळट वाटलं. वर माझे डोळे भरून आले, त्याचा तर मला भयंकर राग आला.

बाईंनी एक दाणा उचलून उजेडात धरला. मग म्हणाल्या, जिवंत बी नावेत चालणार नाही.

“शिजवलं तर?”

त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

सुपाऱ्या, हळकुंड आणि खारकांच्या बिया चुलीत गेल्या. गहू मी भरडले, नारळ खवला, तिथली तपकिरी साखर घातली. खीर बेताचीच झाली. सरांनी दोन वाट्या खाल्ल्या आणि उष्णतेनं बियांची उगवणशक्ती कशी जाते, ते सगळ्यांना समजावलं. बॅग पुन्हा तपासून झाली; सकाळच्या नावेत माझी जागा पक्की झाली.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला.

“सापडली का गं ओटी?”

“सापडली. खीर केली तिची.”

“लय बेस केलं. ओटीचं शिजवून घरच्यांनीच खायचं असतं. बाहेरच्या कुणाला नाय ना दिली?”

समोर तपासणीच्या बाई पातेल्याचा तळ खरवडत होत्या.

“नाही,” मी म्हटलं. “घरच्यांनीच संपवली.”