भिंतीपलीकडचं ग्रीक हॉटेल

शेजारचे भास्करभाऊ गेल्याचं मला त्यांच्या बहिणीनं, आक्कांनी, कंपाउंडच्या भिंतीवरून सांगितलं. दिवाळी नुकतीच आटोपली होती. मी तुळशीला पाणी घालत होते. "आपला भास्कर ग्या व माय," एवढंच म्हणून त्या भिंतीला धरून उभ्या राहिल्या. झोपेतच गेले... आदल्या संध्याकाळी त्याच भिंतीशी आमचं लिंबांवरून वाजलं होतं. माझ्या झाडाची लिंबं भाऊंना हक्काची वाटायची, न विचारता तोडायचे. मी तोंडाला येईल ते बोलले होते, आणि ते हसत लिंबं खिशात टाकून गेले होते.

जळगावातल्या आमच्या झोपाळू कॉलनीत त्यांनी ग्रीक हॉटेल काढलं, तेव्हा सगळ्यांनीच त्यांना वेड्यात काढलं होतं. तरुणपणापासून ते ग्रीक मालकाच्या मालवाहू बोटीवर खानसामा होते. नोकरी सोडून आले ते तिकडचं जेवण डोक्यात घेऊनच. बंगल्याच्या पुढच्या खोल्या पांढऱ्याशुभ्र, दारं निळी, आणि स्वयंपाकघर व गिऱ्हाईक यांच्यामध्ये नुसती काच. बोर्डावरचं ग्रीक बंदराचं नाव कोणाला धड म्हणता येईना, म्हणून कॉलनी त्यांना 'ग्रीकवाला' म्हणू लागली. तिकडच्या चीजऐवजी ते पनीर मिठाच्या पाण्यात मुरवत. ऑलिव्हचं तेल मेडिकलमध्ये बाळाच्या मालिशसाठी मिळे तेवढंच, बाकी सगळं भुईमुगाच्या तेलावर. मला ही थेरं वाटायची, खोटं कशाला बोलू!

त्यांची आई लहानपणीच गेली. त्यांना वाढवलं ते थोरल्या बहिणीनं, पारोळ्याकडच्या आक्कांनी. "वहिनी, आक्का माझ्या टेबलावर पोटभर जेवली की हॉटेल चाललं असं समजेन," ते मला म्हणायचे.

उद्घाटनाला आक्का एसटीनं आल्या. भाऊंनी पहिली बशी त्यांच्यासमोर ठेवली. भाजून ठेचलेलं वांगं, लसूण, लिंबू, वरून तेल. मग मोठ्या हौसेनं मेनूकार्डावरचं नाव आणि भाव वाचून दाखवला. आक्कांनी बशी बाजूला सारली.

"भरीत इकस तू?"

"आक्का, हाई भरीत नही शे..."

"माले वांगं समजत नही का? आपलामा भरीत बलाईसन खावाडतस, इकतस नही."

पाणीसुद्धा न पिता त्या परत गेल्या. आमच्याकडे थंडी पडली की शेतात कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजायची आणि ओळखीपाळखीच्या सगळ्यांना बोलवायचं, ही रीत. तेव्हा आमच्या कॉलनीत भरीत विकत घेण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नसे. ग्रीक जेवण लोकांनी एक वेळ पचवलं असतं, पण ही बातमी फिरली आणि टेबलं ओस पडली. "उद्या माठातल्या पाण्याला भाव लावेल," आमचे हे म्हणाले. भाऊ मात्र हट्टाला पेटले होते. भिंतीवरून मला ऐकवायचे, "अहो, त्यात मिरची तरी आहे का? मग ते भरीत कसं?"

त्या वर्षी आक्का दिवाळीलाही आल्या नाहीत, तेव्हा भाऊंचा हट्ट मोडला. त्यांनी कार्डावरची ती ओळ खोडून टाकली. गावाकडून भरीत ठेचायची खोलगट लाकडी बडगी आणवली. येईल त्याच्यापुढे, काही मागवण्याआधीच, त्या वांग्याची वाटी ठेवायला लागले, फुकट. तिकडेही अशी पद्धत असते म्हणे. हळूहळू लोक येऊ लागले. मीही गेले, आणि मला ते आवडलं.

मग ते स्वतः पारोळ्याला जाऊन आक्कांना घेऊन आले. आक्कांनी बोटभर चाटून पाहिलं. "मिरची कोठे शे?" म्हणाल्या, आणि वाटी रिकामी करून पुढे सरकवली. "आनखी वाढ." भाऊ घाईघाईनं स्वयंपाकघरात गेले. काचेपलीकडे ते रडताना आम्हा सगळ्यांना दिसत होते. त्यानंतर आक्का कायमच्या तिथेच राहिल्या.

हॉटेल आता बंद आहे, निळ्या दारांना कुलूप. मागच्या आठवड्यात थंडी पडली आणि भिंतीपलीकडून काड्यांचा धूर आला. आक्कांनी अख्ख्या कॉलनीला बोलावलं होतं. त्या बडगी पुढ्यात घेऊन वांगी ठेचत बसल्या होत्या. मी घरून भाजलेल्या हिरव्या मिरच्या नेल्या होत्या. त्यांनी माझा हात अडवला.

"ऱ्हाऊ दे. भास्करनं भरीत असंच ऱ्हास."

मग त्यांनी मान वर करून माझ्या झाडाकडे पाहिलं. मी लिंबं तोडायला गेले.