तीन मामांपैकी दोन रुसले

आमच्या मोताळ्याच्या व्हिडिओ स्टुडिओत एक वेळ फाइलींचा बॅकअप नसेल, पण किश्शांच्या प्रती माणसागणिक एक! मूळ प्रत माझी. कारण प्रत्येक किश्शात दचकणारी मीच.

* * *

लग्नांची शूटिंग ठेवायला मी कॉम्प्युटरमध्ये तीन हार्डडिस्क एकत्र बांधल्या. मालक गजाननभाऊंना समजावलं, "एक डिस्क गेली तरी उरलेल्या दोन्हींवरून सगळं परत मिळतं."

"म्हणजे नवरीचे मामा! एक रुसला तरी लगन लागते."

"हो."

"अन् दोन रुसले त?"

"मग नाही लागत."

तेव्हापासून डिस्कना नावंच पडली. थोरला, मधला, धाकटा.

* * *

डिस्क बिघडली की कॉम्प्युटरनं पीं-पीं करावं, ही सोय माझीच. पहिल्यांदा वाजलं तेव्हा मी चहासकट उडाले! चहा थेट अल्बममधल्या नवरदेवाच्या तोंडावर. अल्बम लावणाऱ्या सुनंदाताई फडक्यानं टिपत म्हणाल्या, "राहू द्या मॅडम, हळद लागली त्याले!"

* * *

त्याच दिवशी पडद्यावर अक्षरं आली, 'डिग्रेडेड', म्हणजे एक डिस्क गळाली. भाऊंनी चष्मा लावून वाचली.

"म्हणजे तुमच्यावानी यालेही डिग्री भेटली? मॅडम, पगार एकालेच भेटन हां!"

* * *

अशा दुरुस्तीला तास न् तास लागतात. पिंपळगाव राजाचे शेषरावकाका लेकीच्या साखरपुड्याची सीडी न्यायला आले आणि बाकावर बसून राहिले.

"किती झालं मॅडम?"

"सदतीस टक्के."

"पस्तीसले त पास करतेत! द्या की मंग!"

* * *

मग त्याच लेकीचं लग्न झालं. शूटिंगला भाड्याचा कॅमेरामन गेला होता. सगळं कॉम्प्युटरवर घेतलं, कॅसेट पुसून पुढच्या लग्नाला वापरली, आणि सीडी निघायच्या आत भरदुपारी लाईट गेली. यूपीएसची बॅटरी? भाऊंच्या मोटरसायकलमध्ये!

लाईट आली. धाकटा जागेवर. मधला बाहेर. आणि थोरलाही बाहेर! तो तर दोन महिन्यांपासून रुसलेला.

"मग पीं-पीं कसं नाही वाजलं?" मी किंचाळलेच.

सुनंदाताई चाचरल्या. "तुमी लय दचकता ना बाप्पा... स्पीकरची वायर मीनंच काढून ठेवली."

शेषरावकाका त्याच बाकावर बसलेले. "मॅडम, पोरीच्या आजीनं लगन पाह्यलंच नाही, दवाखान्यात होती थे. आज घरी टीव्हीपुढं बसवून आलो तिले."

प्रत्येक डिस्क आपल्या कामांचा आकडा राखून ठेवते. थोरल्याचा फार मागे पडलेला, मधल्याचा मात्र धाकट्यापेक्षा जेमतेम कमी. म्हणजे मधल्याला बखोटीला धरून मांडवात आणायचं. चुकलं तर सगळ्याची खिचडी! कमांड लिहिली. बोट एंटरवर ठेवलं, पण दाबवेना.

"काऊन थांबल्या? दाबा नं!" भाऊ म्हणाले.

"पुन्हा एकदा तपासते..."

मागून काका शिंकले. मी दचकले. एंटर दाबलं गेलं!

मधला आला! फाइल उघडली. हळद, वरात, अंतरपाट, सगळं जसंच्या तसं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि पडदा काळाकुट्ट!

भाऊंनी कपाळावर हात मारला. सुनंदाताई तर देवाचं नाव घेऊ लागल्या.

"काका," मी म्हणाले, "माफ करा, इथून पुढचं..."

"चूप ना, पोरी!" काका पुढे वाकले.

काळ्या पडद्यातून कुणीतरी ओरडलं, "अबे, जनरेटरवाला कुठं मेला बे!"

काका टुणकन उठले आणि भाऊंच्या पाठीत धपका घालत म्हणाले, "हाव! मांडवात लाईट गेली होती ना! हा वरडणारा त मीच हाओ!"