वळणावरचा कडबा

अकोल्याच्या त्या मोटरसायकल क्लबाचा फोटो तिथल्या एका सायकलवाल्याच्या दुकानात वर्षानुवर्षं टांगलेला होता. हार घातलेले सेक्रेटरी वकील, फेटा बांधलेले अध्यक्ष आणि मध्ये नागपूरचे पाहुणे. मी दुकानात शिरलो की मालक त्या भिंतीकडे पाठ करून उभा राहायचा. फोटो दिसला की माझं तोंड सुटतं, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

साठ सालच्या आसपासची गोष्ट आहे. अमरावतीत माझा जुन्या मोटरसायकलींचा धंदा होता. लष्कराच्या लिलावातल्या गाड्या घ्यायच्या, खोलायच्या, उभ्या करायच्या आणि विकायच्या. बाप दुसऱ्याच्या शेतावर सालदार होता. मालकाच्या कापसाच्या गाडीवर त्याच्याशेजारी बसून मी बाजाराला जायचो, आणि सौदा कसा करायचा ते तिथेच पाहिलं. पुढं जे मिळवलं ते भांडून मिळवलं, त्यामुळे माझी जीभ गोड कधी झाली नाही.

गाडी चालवायचा तो माझा धाकटा भाऊ. वळणावर तो गाडी इतकी झोपवायचा की पाय ठेवायचा दांडा रस्त्याला घासायचा. पुढच्या महिन्यात तो बसवर ड्रायव्हर म्हणून रुजू होणार होता, हुकूम हातात आला होता. आमच्या घरातली ती पहिली पगाराची नोकरी. म्हणून अकोल्याच्या क्लबाची ही शर्यत शेवटची, असं आमचं ठरलं होतं. मला ट्रॉफीपेक्षा त्याचे हातपाय शाबूत परत हवे होते.

प्रवेश फी भरायला मी वकिलांच्या ओसरीवर गेलो. फी होती पंधरा रुपये. तेवढ्या पैशांत तेव्हा घरात महिन्याचं धान्य येत होतं.

‘‘वकीलसाहेब, पंधरा रुपये कायचे?’’ मी विचारलं.

‘‘व्यवस्थेचे. मांडव आहे, चहापान आहे, पाहुण्यांचा सत्कार आहे.’’

‘‘अन् चालवणाऱ्यासाठी काय हाये?’’

‘‘त्याच्यासाठी शर्यत आहे की.’’

ओसरीवरचे दोघंतिघं हसले. मी पैसे मुठीतच ठेवले. म्हटलं, एक रुपया कमी करू नका, पण मले दोन गोष्टी द्या. शर्यत सकाळी लवकर घ्या, बाजाराच्या गाड्या रस्त्यावर यायच्या आत. आणि जिनच्या फाटकासमोर रस्ता एकदम वळतो, तिथं बाहेरच्या अंगाला रुईच्या गाठी लावा. माणूस घसरला तर गाठीवर जाईल, दगडी भिंतीवर जाणार नाही.

कापसाची सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारी ती जिन अध्यक्षांचीच होती. तेही तिथं बसले होते. ‘‘गाठी रस्त्यावर मांडू का बाप्पा?’’ ते म्हणाले. ‘‘माती लागली त कोण घेईन? पण काहीतरी मऊ टाकतो तिथं. तू काळजी नोको करू.’’

वकिलांनी सकाळची वेळ कबूल केली. मी पैसे मोजून दिले. सौद्यात समोरच्याचं ‘काहीतरी’ मान्य करायचं नसतं, हे मी दहा जणांना शिकवलं असेल. त्या दिवशी मात्र मी उठलो आणि स्टेशनवर गेलो.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आम्ही गाडी घेऊन पोचलो, तर मांडवाचे बांबूसुद्धा उभे व्हायचे होते. वेळ बदलली होती. पाहुणे दुपारच्या गाडीनं येणार, जेवणार, जरा पडणार, मग शर्यत चारला. आम्हाला कळवायची कोणाला गरज वाटली नव्हती. हंगाम कापसाचा, दिवस बाजाराचा, आणि चार ही रिकाम्या बैलगाड्यांची गावाकडे परतायची वेळ.

मी वळण पाहायला गेलो. तिथं कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या. चांगला हिरवट, पानाचा कडबा.

बाहेरच्या माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. पण अकोल्याच्या जिनवाल्यांची एक पद्धत होती. कापसाच्या गाड्या दुसऱ्याच्या फाटकात जाऊ नयेत म्हणून हंगामात ते आपल्या फाटकाबाहेर बैलांसाठी कडबा टाकत. गाडीवान तिथं गाडी सोडायचा, बैल खायचे, तोवर आत भाव ठरायचा. त्या रस्त्यावरच्या प्रत्येक बैलाला त्या फाटकाची सवय होती. अध्यक्षांनी शर्यतीतल्या सर्वांत वाईट वळणावर बैलांना बोलावणं धाडलं होतं.

मी त्यांना मांडवात गाठलं. ‘‘शेठजी, तुमी सोताच तिथं बैलं जमा करून राहिले. चारले सगळ्या गाड्या तिथं सुटतीन.’’

‘‘माह्याच फाटकावरची गोष्ट मले काहून सांगतं गा? दोन माणसं उभी करतो तिथं. कोणाले थांबू देत नाही.’’

‘‘माणसं नको. कडबा उचला.’’

‘‘मंग तुहा भाऊ पडला त त्याले मांडीवर घेऊ का मी?’’

वकील मध्ये पडले. म्हणाले, ‘‘तुम्हाला पसंत नसेल तर नाव मागे घ्या. फी परत मिळत नाही एवढं लक्षात ठेवा.’’

मी गाडी ढकलत न्यायला निघालो होतो. भावानं हँडल धरलं. ‘‘दादा, माणसं उभी हायेत ना? मंग झालं. शेवटचीच त हाये.’’ मी वळणावर पुन्हा जाऊन पाहिलं. जिनचे दोन हमाल खरंच काठ्या घेऊन उभे होते. मी हँडल सोडलं.

जेवण, झोप उरकून पाहुणे मोटारीतून मांडवात आले ते चार वाजून गेल्यावर. मांडवात सोफा नव्हता. जिनच्या कचेरीतला सोफा आणायचं ठरलं आणि तो उचलायला वळणावरचे दोघे हमाल नेले. मी त्यांना सोफ्याखाली वाकलेलं पाहिलं, तेव्हा शर्यतीच्या पहिल्या मोटरसायकली सुटून गेल्या होत्या. वळण शर्यतीच्या परतीच्या टप्प्यात होतं; मी तिकडे पळत सुटलो.

तिथं तीन बैलगाड्या सोडून ठेवल्या होत्या. जू खाली टेकलेलं, बैल निवांत खात होते, आणि एक म्हातारा गाडीवान चाकाला टेकून विडी ओढत होता. ‘‘गाडी हटवा,’’ मी ओरडत होतो. तो म्हणाला, ‘‘मालकाचा कडबा हाये भाऊ, तुमचा थोडीच हाये.’’

त्याचं काही चुकलं नव्हतं. कडबा खरंच मालकाचा होता.

भाऊ पहिला होता. त्यानं नेहमीप्रमाणे गाडी झोपवली आणि समोर बैलाचं पोट आलं. बैलाला वाचवायला त्यानं ती पूर्ण आडवी टाकली. गाडी त्याला घेऊन घसरत गेली आणि त्याचा उजवा गुडघा मोटरसायकल आणि बैलगाडीचं चाक यांच्यामध्ये सापडला. कडब्याला तो लागलासुद्धा नाही.

मांडवात बक्षीस समारंभ वेळापत्रकाप्रमाणे झाला. त्याच दिवशी तो फोटो काढला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाय राहील, पण गुडघा वाकणार नाही. नोकरीच्या हुकमाचं काय झालं ते सांगायला नको. वकील भेटायला आले, मोसंबी घेऊन. बराच वेळ हवापाण्यावर बोलले. मग म्हणाले, ‘‘क्लबानं सहानुभूतीनं विचार केला आहे. पुढच्या वर्षी यांची प्रवेश फी माफ.’’

मी मोसंब्यांची पिशवी त्यांच्या हातात परत दिली आणि त्यांना बाहेरच्या जिन्यापर्यंत काय काय ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही. नर्सनं मला आठवडाभर आत येऊ दिलं नाही.

पुढच्या वर्षी शर्यत सकाळी झाली. वळणावर रुईच्या गाठी होत्या, नव्याकोऱ्या, पट्ट्या आवळलेल्या, माती लागायची भीती न बाळगता मांडलेल्या. कर्ण्यावरून वकील सांगत होते की स्पर्धकांच्या सुरक्षेसाठी अध्यक्षांनी स्वतः ही कल्पना काढली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथं भांडायला गेलो होतो. भाऊ काठी टेकत बरोबर आला होता, मी नको म्हटलं तरी.

त्याला फार वेळ उभं राहता येत नसे. तो वळणाशी गेला आणि एका गाठीवर बसला, उजवा पाय समोर सरळ ठेवून. फीत लावलेला एक स्वयंसेवक धावत आला.

‘‘उठा भाऊ, इथं बसू नोका. हे पडणाऱ्याइसाठी ठेवलं हाये.’’

‘‘मले ठाऊक हाये,’’ भाऊ म्हणाला आणि बसून राहिला.

स्वयंसेवकानं माझ्याकडे पाहिलं. मी बाह्या वर केल्या होत्या. त्यानं वकिलांना बोलावून आणलं. वकील गाठीपर्यंत आले, त्यांनी तो सरळ पाय पाहिला, आणि मांडवाकडे परत गेले. पाहुणे आले होते, पण त्या सकाळी भाऊ गाठीवरून उठेपर्यंत, अर्धा तास, शर्यत सुटली नाही.