दोन धारांमधला समुद्र

माझे नानामामा म्हशीखाली बसले की अंदमानला निघायचे. गुडघ्यांत चरवी धरलेली, डोळे मिटलेले, आणि दुधाच्या धारेच्या आवाजावर बोलणं चालू. "पयल्या दिशी कुटं जायचं न्हाई. नुसतं पाण्यात पाय सोडून बसायचं. दुसऱ्या दिशी मोठ्या बोटीनं लहान्या बेटावर. आठ दिस तर लागतेतच माय. पळत पळत बघायची चीज न्हाई ती." मी सुट्टीत सेलूजवळच्या त्यांच्या गावी गेले की गोठ्याच्या दारात पोतं टाकून हे सगळं ऐकायची. मामांनी तोवर परभणीच्या पलीकडचं काही पाहिलेलं नव्हतं.

मोटारसायकलला कॅन लावून ते रोज सेलूत दूध घालायला जायचे. गिऱ्हाइकांपैकी कुणी समुद्रावर जाऊन आलं की त्याची सुटका नसे. एकदा गोव्याहून आलेल्या वकिलीणबाईंना त्यांनी दारातच धरलं. किती दिवस राहिलात, रोज कुठं गेलात, कोणता किनारा आधी केलात, सगळी उलटतपासणी झाली. बाई हसून म्हणाल्या, "अहो मामा, शेवटी शेवटी तर कंटाळा आला." मामांना ते काही केल्या पटेना. घरी येऊन मामीला म्हणाले, "समुद्राचा कंटाळा आला म्हने! त्या उलट्या बाजूला तोंड करून बसल्या असतील." भरती-ओहोटी एसटीसारखी ठरलेल्या वेळेला येते, असा त्यांचा समज होता. ती रोज थोडी उशिरा येते असं मी सांगितलं, तेव्हा जरा विचार करून म्हणाले, "म्हंजी लेट व्हायली म्हन की."

अडचण होती ती चंद्रीची. ही म्हैस फक्त मामांच्या हाताला पान्हा सोडायची. दुसरं कुणी खाली बसलं की लाथ मारायची, नाहीतर दूध चोरून मुकाट उभी राहायची. गिऱ्हाइकांना दूध पोचवायला शेजारचा माणूस तयार असायचा. सगळं अडायचं ते धारेपाशी. माझ्या लग्नात मामा अक्षता टाकून, पंगतीला न बसताच गावाकडे निघाले. आई रुसली, तेव्हा म्हणाले, "अक्का, दावं म्हशीच्या गळ्यात दिसतं, पर बांधलेला मी हाय." बोलताना ते हसत होते, पण आईला काही हसू आलं नाही.

"विकून टाका की ती म्हैस," असं सगळेच सांगायचे. विकून खायचं काय, हे कुणी सांगत नसे. चंद्री आटली की जाऊ, असं दरवर्षी ठरायचं. पण ती आटेपर्यंत तिचीच लेक व्यालेली असायची, आणि तिला आईचेच गुण. बेत मात्र मोडायचा नाही, नुसता लहान व्हायचा. अंदमानचं गोवा झालं. गोव्याचं मालवणजवळचं तारकर्ली झालं. आठाचे पाच, पाचाचे तीन दिवस झाले. शेवटी एकदा जेवताना मामा म्हणाले, "सांजच्याला धार काढून निघालं, अन् दुसऱ्या दिशी सांजच्या धारेला माघारी आलं, तर? सकाळची एकच चुकंल."

मामी भाकरी थापत होत्या. त्या कधी या बेतात तोंड घालत नसत. त्या दिवशी तव्यावरची भाकरी उलथता उलथता म्हणाल्या, "मंग समुद्राला शिवून पळत यायचं का? शिवणापानी खेळायचं हाय?"

 संध्याकाळी गोठ्यातून नुसता धारेचाच आवाज आला.

दुसऱ्या दिवसापासून मामी त्यांच्या शेजारी म्हशीखाली बसायला लागल्या. चंद्रीनं त्यांना दोनदा पाडलं, एकदा मनगट सुजवलं. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे, जमायचं न्हाई तुला." मामी सुजलेल्या हातानं कडबा टाकून पुन्हा बसल्या. दिवाळीच्या सुमारास चंद्रीनं, मग तिच्या लेकीनंही त्यांच्या हाताला पान्हा सोडला. मी पुण्याहून आनंदानं फोन केला, "मामी, आता निघा दोघं!"

"दोघं कसं?" मामी म्हणाल्या. "आता कुनी बी एक जाऊ शकतंय. दुसऱ्याला ऱ्हावंच लागतंय."

हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. आधी मामांनी जावं म्हणून मामी अडून बसल्या. मामा म्हणाले, "तू शिकलीस, तू जा." अखेर मी मामींना तारकर्लीला घेऊन गेले. बेत अर्थातच मामांचा. दर थोड्या वेळानं त्यांचा फोन, "कुटं हाव? अजून खोलीतच? किनाऱ्यावर जावा की!" मामी पाण्यापाशी एका सुरूच्या झाडाखाली बसून होत्या. लाटेनं साडी भिजली तरी उठल्या नाहीत. मी फोनवर मामांना समुद्र दाखवायला लागले, तर म्हणाले, "ह्यात न्हाई दिसत. तिला म्हनावं तू बघ. फोन ठिव."

संक्रांतीनंतर मामांची पाळी आली. पाय वाळूला लागताच त्यांनी विचारलं, "ती कुटं बसली होती?" मी झाड दाखवलं. मामा तिथं गेले आणि शेजारी एका माणसापुरती जागा सोडून बसले. मी त्या जागेवर बसले नाही, जरा मागं बसले. किती तरी वेळानं म्हणाले, "आठ दिसांत बी मावला नसता ह्यो." मग थोडं थांबून, "सांगायचं कुनाला आता?" मी मागंच होते, पण ते मला विचारत नव्हते. परतीचा दिवस उजाडायच्या आतच त्यांनी मला गाडी बघायला लावली.

त्यानंतर त्या घरात समुद्रावरून भांडणं व्हायची. मामी म्हणायच्या, लाटा पुरुषभर उंच होत्या. मामा म्हणायचे, छे, गुडघाभर. दोघंही खरं बोलत होते, आणि दोघांनाही दुसऱ्याचं पटत नव्हतं.

गेल्या वर्षी पेरणीच्या दिवसांत मामा सकाळीच शेतातून येऊन खाटेवर बसले आणि बसल्या जागीच गेले. संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं असताना म्हशी रेकायला लागल्या. मामी उठल्या. कुणीतरी म्हणालं, "आजच्या दिवस ऱ्हाऊ द्या." मामी म्हणाल्या, "तिला काय सांगू, आजच्या दिवस ऱ्हाऊ दे म्हनून?" पुण्याहून नुकतीच पोचलेली मी त्यांच्या मागोमाग गेले. दिवसभर कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या मामी म्हशीखाली रडल्या. हात थांबले नाहीत.

दिवस झाल्यावर महिन्याच्या आतच त्यांनी दोन्ही म्हशी विकल्या. गावात लोक बोलले. मलाही म्हशी विकलेलं लागलं. एकटीला शेतावर भागतंय, एवढंच त्या म्हणाल्या.

मग परवा त्यांचा फोन आला. "तारकर्लीला जायाचं तिकीट काढून दे."

"मी येते की बरोबर."

"नको. कुटं उतरायचं, कुटं गाडी बदलायची, समदं ठाऊक हाय मला. इतकी वर्सं कानावर पडायलंय."

"बरं. किती दिवसांचं काढू? परतीचं कधीचं?"



"ठरवायचं काम त्यांचं होतं माय," त्या म्हणाल्या. "मी नुसती जायलेय. परतीचं ऱ्हाऊ दे."