हाताने फिरवायचे हब

मंगळवारी सकाळी पावणेसातला नागम्माचा फोन आला. भाऊजींची देखभाल करायला ती माझ्या बहिणीकडे रोज येते. "अक्का एळ्तिल्ला," एवढंच ती म्हणाली. अक्का उठत नाहीये. जयनगरहून सर्जापूर रोडला पोचायला मला सव्वा तास लागला आणि वाटेत कुठेतरी, एका सिग्नलला थांबलेलो असताना, मला कळून चुकलं. झोपेतच हृदय थांबलं होतं. तिचा चेहरा शांत होता, असं सगळे म्हणतात तसं मी म्हणणार नाही. ती दमलेली दिसत होती. शेजारच्या खोलीत भाऊजी पलंगावर बसून "मालती, चहा" अशी हाक मारत होते. दोन मिनिटं थांबायचे, पुन्हा हाक मारायचे...

मालतीअक्का माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपासून आहे की आमचं मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात. ती मला शेवटपर्यंत कानडीत 'तम्मा' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. सरकारी खात्यात ती भूगर्भशास्त्रज्ञ होती. तिच्या काळात त्या खात्यात बाया फार नव्हत्या, आणि ज्या होत्या त्या बहुतेक प्रयोगशाळेत बसायच्या. अक्का मात्र कोलार, चित्रदुर्ग, बळ्ळारी अशी उन्हातान्हात हिंडली. निवृत्त झाल्यावर खात्याने मोडीत काढलेला एक जुना फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप तिने लिलावात घेतला. भाऊजी तेव्हा ठणठणीत होते. "बायका निवृत्त झाल्यावर काशीला जातात, ही गॅरेजला जाते," असं ते सगळ्यांना कौतुकाने सांगायचे.

मग भाऊजींची स्मृती जायला लागली. आधी नावं गेली, मग रस्ते, मग दिवस-रात्र. एकदा ते पायजम्यावर खाली उतरून मुख्य रस्त्यापर्यंत चालत गेले, तेव्हापासून आठव्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटचं दार आतून कुलूप लावून बंद असायचं आणि किल्ली अक्काच्या गळ्यात. सगळं विसरले तरी एक नाव ते विसरले नाहीत. अक्का नजरेआड झाली की हाका सुरू. ती आंघोळीला गेली तरी दाराशी उभं राहून हाका मारायचे. आयुष्यभर उघड्या माळावर हिंडलेली बाई सात वर्षं एका किल्लीच्या दोन्ही बाजूंना अडकून होती.

तिची सुटका म्हणजे रविवार. नागम्माची सुट्टी असायची, म्हणून मी सकाळी सातला जाऊन भाऊजींजवळ बसायचो, आणि अक्का पिकअप काढून आनेकलच्या पुढे तिच्या एक एकर जमिनीवर जायची. जमीन कसली, दोन चिंचा आणि एक भला मोठा काळा खडक. तिथे पोचायला शेवटी एक ओढा ओलांडावा लागतो. तळाला चिकट चिकणमाती. चारही चाकांना जोर मिळाल्याशिवाय गाडी पलीकडे जात नाही. एकच्या आत ती परत यायची, चेहऱ्यावर धूळ आणि थोडंसं हसू घेऊन.

दोन वर्षांपूर्वी गाडीचे पुढचे हब खराब झाले. पुढच्या चाकांच्या मधोमध हे हब असतात. ते जोडले गेले की इंजिनाचा जोर पुढच्या चाकांनाही मिळतो, नाहीतर नुसती मागची चाकं गाडी ओढतात. अक्काच्या गाडीला ऑटोमॅटिक होते. आतून गिअरसारखा दांडा ओढायचा, गाडी थोडी पुढे घ्यायची, की ते आपोआप जोडले जातात. आता त्यातला एक जोडला जायचा आणि दुसरा नाही. जे.सी. रोडमागच्या गल्लीतल्या इम्तियाज मेकॅनिकने माझ्यामार्फत विचारलं, पुन्हा ऑटोमॅटिकच बसवू की हाताने फिरवायचे? अक्काने क्षणाचाही विचार केला नाही. हाताने फिरवायचे.

मी वैतागलो. तिच्या गुडघ्यांची वाट लागली होती, बोटांचे सांधे सुजायचे. हाताने फिरवायचे म्हणजे दर वेळी खाली उतरायचं, वाकायचं, एका चाकाची चकती फिरवायची, पलीकडे जाऊन दुसऱ्याची.

"आत बसून काम होतंय तर चिखलात कशाला उतरायचं?" मी म्हणालो.

"अडकल्यावर आपण काय करतो? गाडी मागे-पुढे हिंदकळवतो. मागे घेतली की ऑटोमॅटिक हब सुटतो, पुढे घेतली की परत पकडायला वेळ लावतो. तेवढ्यात चाक आणखी खाली जातं. हाताने लावलेला लावलेलाच राहतो. मी लावला, मीच सोडवीन."

"आणि वाकलीस आणि उठता आलं नाही तर? तिथे कोण आहे?"

"तम्मा, उठता येतं की नाही ते मला बघू दे."

मी बघू दिलं नाही. घर सोडून तिला गॅरेजला जाता येत नव्हतं, गाडी मीच नेली होती, आणि इम्तियाजला मी ऑटोमॅटिकच बसवायला सांगितले. अक्काला म्हणालो, हाताचे मिळाले नाहीत. ती खाली आली, चाकांकडे बघितलं, "सरी", म्हणजे बरं, एवढं म्हणाली आणि वर गेली, कारण भाऊजी हाका मारत होते. तिच्या भल्यासाठी केलं असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं तर तिच्यावर अजून एक दार मी बाहेरून लावलं होतं.

त्या पावसाळ्याच्या शेवटी, एका रविवारी, साडेनऊला तिचा फोन आला. ओढ्यात अडकलेय, गाडी मागे-पुढे करून पाहिली, चाकं रुतत चाललीत, ट्रॅक्टरवाला संध्याकाळी येईल म्हणतो, भाजी फ्रिजमध्ये आहे. बस. मी एक वाजायची वाट बघायला शिकलेला माणूस, संध्याकाळपर्यंत त्या घरात राहिलो. दुपारी भाऊजींनी माझा हात धरला तो सोडेनात. तू कोण, मालती कुठे, दार उघड, तू कोण... मी उत्तर द्यायचो, पाच मिनिटांत तोच प्रश्न. त्यांनी ताट ढकललं, कपडे ओले केले, मी बदलायला गेलो तर मला मारलं आणि मग लहान मुलासारखे रडले. तीनच्या सुमारास मी बाल्कनीत जाऊन नुसता उभा राहिलो. खाली गेटमधून माणसं बाहेर जात होती, आत येत होती. मला त्यांचा हेवा वाटला. आणि हे सगळं अक्काचं रोजचं होतं, यातले सहा तास मी दर रविवारी उपकार केल्यासारखे उचलत होतो.

ती सातला आली. सलवार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली. मी घाईघाईने माफी मागण्याच्या बेतात होतो, पण ती खुर्चीत बसून वेगळंच बोलली.

"आठ तास तिथे बसले होते रे. पाणी चाकाच्या निम्म्यापर्यंत. घाबरले पण. आणि तरी... कुणी हाक मारली नाही. आठ तास कुणीच हाक मारली नाही."

मग आतून हाक आली आणि ती उठली.

त्याच आठवड्यात मी इम्तियाजकडून हाताचे हब बसवून आणले. "मिळाले एकदाचे," एवढंच म्हणालो. त्यानंतर दीड वर्ष ती दर रविवारी जात राहिली. किती वेळा वाकली असेल, किती वेळा दुखलं असेल, मला कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आता मी एकटा माणूस, निवृत्त, आणि अक्का-भाऊजींना मूलबाळ नाही. म्हणून मीच त्या फ्लॅटवर राहायला आलो. किल्ली आता माझ्याकडे असते. दहा दिवसांपूर्वी गाडी सर्व्हिसिंगला नेली तेव्हा इम्तियाज चाक खोलता खोलता सहज म्हणाला, "मॅडम को पता था, साब. पहले ही हफ्ते में फोन करके पूछा था उन्होंने. मैंने बोल दिया, माल तो था, भाई ने मना किया." म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. ओढ्यात बसली होती त्या आठ तासांतही माहीत होतं. परत आल्यावर खुर्चीत बसून बोलली तेव्हाही माहीत होतं. ती भांडली असती तर मी चिडून रविवारी यायचा थांबलो असतो, असं तिला वाटलं असेल का? हा प्रश्न घेऊन मी तिथे स्टुलावर बसून राहिलो. याचं उत्तर आता मला कुणी देणार नाही, आणि मला वाटतं, मला ते ठाऊक आहे.

परवाच्या रविवारी नागम्मा बारापर्यंत थांबायला तयार झाली. मी गाडी काढून आनेकलच्या पुढे गेलो. ओढ्याशी उतरलो, वाकलो. डावीकडची चकती फिरली, उजवीकडची घट्ट होती. तिला दोन्ही हात लावावे लागले आणि उठताना बोनेट धरावं लागलं. गाडी पलीकडे गेली. खडकाजवळ इंजिन बंद केलं. वारा होता, लांब कुठेतरी कुणीतरी गुरं हाकत होतं, बाकी काही नाही. सव्वाअकराला निघायला हवं होतं. अजून पाच मिनिटं, असं मी स्वतःला तीनदा सांगितलं.